सुप्याचा बोगदा

सर्व संबंधितांस, आणि उगाच डोकावणाऱ्यांसही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की आमच्या नगर जिल्ह्यात जमिनीखालून एकही रेल्वे धावत नाही. जमिनीखाली आमच्याकडे बोअर आहेत, बोअरमध्ये अडकलेल्या मोटारी आहेत आणि त्या मोटारी वर कशा काढाव्यात याचे गावभर फुकट मिळणारे सल्ले आहेत. रेल्वे नाही. तरीसुद्धा एखाद्या मोठ्या शहरात भुयारी स्टेशनावर तुम्ही उभे असाल, फलाटाच्या कडेला काचेची उंच भिंत असेल, गाडी थांबल्यावर त्या भिंतीतले दरवाजे गाडीच्या दरवाजांबरोबर अलगद सरकले, तर कृपया टोपी काढा. टोपी नसेल तर निदान फोनमधून मान वर करा. ते दरवाजे आमच्या सुप्यातल्या कारखान्यात झालेले असू शकतात, आणि त्यांच्या कागदावर ‘तपासले’ म्हणून केलेली सही माझी असू शकते.

मी केडगावहून रोज सकाळी कंपनीच्या बसने सुप्याला जाते. काम तपासणीचं. दरवाजा उघडतो का, मिटतो का, मिटताना मध्ये हात आला तर माघार घेतो का, एवढं बघायचं. लोकांना वाटतं, दरवाजाच तो, त्यात काय बघायचं? मग मी त्यांना वारा समजावून सांगते. बसमध्ये शेजारी जो कुणी बसेल त्याला हे ऐकावंच लागतं, म्हणून हल्ली माझ्या शेजारची जागा बऱ्याचदा रिकामी असते.

तर ऐका. सायकलच्या पंपात दट्ट्या असतो ना, तशी बोगद्यात गाडी असते. बोगदा जेमतेम गाडीएवढा. गाडी पुढे आली की समोरच्या हवेला पळायला जागा नसते. ती सगळी ढकलली जाते आणि स्टेशनात आधी गाडी येत नाही, वारा येतो. काचेचे दरवाजे त्या वाऱ्याला छातीवर घेतात. माणूस रुळांवर पडू नये म्हणून ते असतात हे खरं, पण फलाटावरची गार हवा बोगद्यात जाऊ नये आणि बोगद्यातला लोंढा माणसांच्या अंगावर येऊ नये म्हणूनही असतात. आणि त्या लोंढ्याला बाहेर पडायला छतातून वर, रस्त्यापर्यंत, मोठाल्या वाटा काढलेल्या असतात. त्या वाटा नसतील तर सगळा जोर दरवाजावर येईल आणि दरवाजा वरच्या पटरीत घासायला लागेल. दरवाजाची मोटार शहाणी असते. घासलं की तिला वाटतं कुणीतरी मध्ये आलंय. ती दरवाजा परत उघडते. तीनदा असं झालं की लाल दिवा.

हे तपासायला आमच्या शेडमध्ये पत्र्याची एक मोठी खोली केलेली आहे. तिच्या एका टोकाला माणसाच्या उंचीचा पंखा, दुसऱ्या बाजूला तपासायचा दरवाजा आणि शेडच्या फाटकाकडे तोंड करून असलेल्या भिंतीत लोखंडी पट्ट्यांची भलीमोठी जाळी, वारा बाहेर पडायला. कागदावर या खोलीला लांबलचक नाव आहे. आम्ही तिला बोगदा म्हणतो.

बोगद्याचे राजे होते चाचा. आमचे जुने फिटर, नगर शहरातले. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेलं. कंपनीत येण्याआधी निम्म्या पारनेर तालुक्यातल्या कांदाचाळींचे लोखंडी सांगाडे त्यांनी उभे केले होते. दरवाजा ज्या पटरीवर लोंबतो ती पटरी बसवावी चाचांनीच. बसवून झाली की ते खिशातून आपल्या नंबराचा पोलादी पंच काढायचे आणि पटरीच्या खालच्या अंगाला, जिथे कुठल्याही प्रवाशाची नजर कधीच जाणार नाही अशा जागी, हातोडीचा एकच ठोका द्यायचे. सतरा.

मी एकदा विचारलं होतं, “चाचा, दिसत नाही तिथे कशाला एवढं निगुतीनं ठोकता?”

“दिसत न्हाई तितंच तर ठोकायचं, ताई. दिसतं तितं पेंटवाला हाय की.”

त्या वर्षी एका मोठ्या कामासाठी दरवाजे पसंत करायला शहरातून पाहुणे येणार होते. तिघे जण. त्यातले दोघे मान हलवायचे आणि तिसरा बोलायचा. तिसरा तरुण इंजिनिअर होता. बूट असे की आमच्या शेडमधल्या ऑइलने त्यांच्याकडे बघून लाजावं.

पाहुणे येणार म्हटलं की स्वागत आलं, स्वागत म्हटलं की फ्लेक्स आला आणि फ्लेक्स म्हटलं की मी आले. या खात्यात माझा हात धरणारा सुप्यात कुणी नाही. आठ बाय दहाचा फ्लेक्स, वर ‘हार्दिक स्वागत’, डाव्या कडेला पाहुण्यांचे तीन गोल छोटे फोटो, आणि उरलेल्या जागेत आमचे मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे प्रमुख, हात जोडून. मोठे साहेब मनाने भले माणूस, पण फोटो छोटा झालेला त्यांना चालत नाही. तारीख मी मुद्दाम छापली नव्हती. तारीख नसली की फ्लेक्स गुंडाळून ठेवता येतो आणि पुन्हा लावता येतो, हा माझा स्वतःचा शोध. लावायला जागाही मीच हेरली. फाटकातून आत शिरल्या शिरल्या नजर जाते तीच भिंत. तार ओवायला तिथे आयत्या लोखंडी पट्ट्या होत्या. चारी बाजूंनी असा ताणून बांधला की त्यावर पोळी लाटावी.

वाचकहो, तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या आलं नव्हतं.

पाहुणे आले. हार झाले, नारळ झाले. पंखा सुरू केला. फ्लेक्सवरच्या मोठ्या साहेबांचे गाल हळूहळू फुगले. वायरिंगमधली एक मैत्रीण माझ्या कानाशी पुटपुटली, “साहेब रागावले बघ.” आम्ही दोघी पदराआड हसलो. तेवढ्यात दरवाजा मिटायला निघाला, वीतभर अंतरावर थबकला आणि परत उघडला. पुन्हा निघाला, पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा लाल दिवा.

पाहुणे गेले, फ्लेक्स उतरवला, गुंडाळून माझ्या कपाटामागे ठेवला. दुसऱ्या दिवशी तोच दरवाजा, तोच पंखा, आणि दरवाजा लोण्यासारखा मिटला. शंभर वेळा मिटला. आठवडाभर मिटत राहिला.

महिन्याने पाहुणे पुन्हा आले. फ्लेक्स पुन्हा चढला. दरवाजा पुन्हा अडकला.

आता शेडमध्ये तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं नजर लागते. कुणी म्हणालं, पाहुण्यांसमोर पोरानं कविता म्हणायला नकार द्यावा तसं हे आहे. माझं मत पडलं की त्या इंजिनिअरचे बूट बघून दरवाजा बुजतो. चाचांनी कुठलाच तर्क केला नाही. ते शिडीवर चढले, पटरीला दोरी लावली, डोळा बारीक करून पाहिलं आणि खाली उतरून म्हणाले, “पटरी सरळ हाय. मी न्हाई म्हनत, दोरी म्हनती.”

इंजिनिअरला दोरी मान्य नव्हती. खोलीतला दाब दाखवणारं मीटर बिघडून दुरुस्तीला गेलेलं होतं, म्हणून पंख्याच्या वेगाचा आकडा तेवढा आमच्या हाती होता. तो त्याने बोटाने ठोकून दाखवला. “पंखा तोच, आकडा तोच, म्हणजे वारा तोच. मग फरक कशात? हातात.”

“हात बी त्योच हाय, साहेब,” चाचा म्हणाले.

“काका, तुम्ही कधी भुयारी स्टेशनात उभे राहिलात का?”

“न्हाई.”

“मग राहू द्या. वाऱ्याचं शास्त्र असतं. ते इथे बसून कळत नाही.”

हे तो ज्या खिडकीशी उभा राहून म्हणाला, त्या खिडकीतून त्याच्या पाठीमागे सुप्याच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या गरागरा फिरत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मनात मी तेव्हाच ठरवलं, बाबा रे, वारा म्हणजे काय ते तुला सुप्यातच शिकवून पाठवायचं.

ठरवलं खरं. कसं शिकवायचं ते माहीत नव्हतं.

जाताना पाहुण्यांनी मोठ्या साहेबांना केबिनमध्ये घेऊन सांगितलं: तिसऱ्यांदा अडकला तर काम तुमच्याकडे राहील, पण त्या फिटरला दरवाजावरून काढायचं. मोठ्या साहेबांनी चाचांना बोलावून ते सांगितलं, आणि सांगताना टेबलावरचा पेपरवेट चार वेळा इकडून तिकडे केला. पुढच्या वेळी नापास झालं तर चाचांनी पंच जमा करायचा आणि निवृत्तीपर्यंत पॅकिंगमध्ये खोके बांधायचे.

चाचा बाहेर आले तेव्हा त्यांचा हात खिशात होता. पंच मुठीत धरलेला असणार. मला म्हणाले, “पगार त्योच ऱ्हानार हाय, ताई.”  मग, “पन खोक्याला ठोका मारत न्हाईत.”

तिसरी भेट ठरली गुरुवारी. आता गुरुवारची आमची एक रीत आहे. चाचांची ती जुमेरात. त्या दिवशी संध्याकाळी पाचला पंखे आणि यंत्रं थांबली की चाचा लोबानदाणीत निखारे घेतात, त्यावर लोबानाची चिमूट टाकतात आणि सगळ्या शेडला धूर देत फिरतात. मध्ये एकदा सेफ्टीच्या माणसाने ते बंद करायला सांगितलं होतं, तेव्हा मीच भांडले होते. दसऱ्याला आमच्या उदबत्त्या चालतात, यंत्रांपुढे नारळ फुटतात, तेव्हा तुमची सेफ्टी कुठे रजेवर जाते? त्यानंतर कुणी काही बोललं नाही. पोरीबाळींनाही तो वास आवडायचा. लोबान झालं की घरी जायचं, असं अंगवळणी पडलेलं.

त्या गुरुवारी पाहुणे उशिरा आले. फ्लेक्स मी सकाळीच ताणून बांधला होता. नेहमीपेक्षा जास्तच ताणून, कारण माझ्या मनात होतं की स्वागतात तरी कमी पडायचं नाही. साडेचारला पंखा सुरू झाला. साहेबांचे गाल फुगले. दरवाजा निघाला, थबकला, उघडला. तीनदा. लाल दिवा.

 इंजिनिअर म्हणाला, “चालू राहू द्या. चहा होईपर्यंत किती वेळा अडकतो ते मशीन मोजेल.” मोठे साहेब चाचांकडे न बघता म्हणाले, “चाचा, ते तेवढं...” चाचांनी पंच काढला आणि तपासणीच्या टेबलावर, माझ्या सहीच्या वहीशेजारी ठेवला. टक्क असा आवाज झाला. पाहुणे चहाला केबिनमध्ये गेले.

“ताई,” चाचा म्हणाले, “पाच वाजत आले. धूर देऊन घेतो.”

“पंखा चालू आहे, चाचा.”

“असू दे की. हितला आपला शेवटचा धूर. वाऱ्यात तर वाऱ्यात.”

आजवर पंखा चालू असताना लोबान कधी फिरलं नव्हतं. मी त्यांच्यामागून चालले. दरवाजाच्या खालच्या फटीशी लोबानदाणी नेली तर धूर असा फर्रकन उडाला की निखारा लालबुंद झाला. फट जेमतेम कागद जाईल एवढी, आणि तिच्यातून वारा शिट्टी घालत होता. चाचांनी भुवया आवळल्या. ते पत्र्याच्या भिंतीला धरून कोपऱ्यावरून वळले आणि फाटकाकडच्या अंगाला, फ्लेक्ससमोर येऊन उभे राहिले.

तिथे धूर सरळ वर गेला. काठी उभी करावी तसा. जोडलेल्या हातांसमोरून, फुगलेल्या गालांसमोरून, कपाळापर्यंत शांतपणे वर. जणू मोठ्या साहेबांची आरती चालली होती.

मला हसू फुटलं. अगदी खळखळून. चाचा हसले नाहीत. ते धुराकडेच बघत होते.

“ताई, ही जाळी वारा भायेर जायाची, व्हय ना?”

“हो.”

“मग वारा कुठं हाय?”

माझं हसू तिथेच थांबलं. चाचा हळूच म्हणाले, “पारनेरला एकानं पावसाच्या भ्यानं कांदाचाळीला चारी अंगानं ताडपत्री आवळली हुती. आतनं सगळा कांदा काळा. म्हनला, चाळ वाकडी बांधली तुमी. मी म्हनलं, बाबा, चाळ सरळ हाय, तू तिचं नाक दाबलंय.” त्यांनी फ्लेक्सच्या कडेवरून बोट फिरवलं. तारेचे पीळ एक-एक करून चाचपले. “लई घट्ट बांधलंय. कुनी बांधलंय हे?”

त्यांना माहीत होतं कुणी बांधलंय. सगळ्या सुप्याला माहीत होतं.

 तिन्ही वेळा मीच. मी हेरलेली जागा, मी ओवलेली तार, तारखेशिवाय छापण्याचा माझा थोर शोध. आणि बोट चाचांच्या पटरीकडे.

चाचा म्हणाले, “सोडून टाक गुपचूप. आजचं तरी पास हुईल.”

“गुपचूप नाही,” मी म्हणाले. “गुपचूप सोडला तर आधीचे दोन नापास तुमच्याच नावावर राहतील. आणि उद्या कुणीतरी दुसरा फ्लेक्स आणून इथेच लावेल. त्यांना येऊ दे.”

“नोकरी घालवशील, येडे.”

“घालवीन. पण प्रेक्षक जमल्यावर घालवीन.”

पाहुणे चहा घेऊन आले. मोठे साहेब मागे. मी टेबलाशी गेले, पॅकिंगचा कटर उचलला आणि माझा कमावलेला आवाज लावला, गणपतीत निवेदन करताना लावते तो.

“साहेब, मला एक निवेदन करायचं आहे. हा फ्लेक्स मी बांधला. आजचा मी बांधला, मागचा मी बांधला, त्याआधीचाही मीच बांधला. यामागे वारा बाहेर जायची जाळी आहे. जाळी आम्ही झाकली, वारा आत कोंडला, आणि तुम्ही म्हणालात पटरी वाकडी. पंखा तोच, आकडा तोच. वारा तो नव्हता. तेव्हा तिन्ही नापासांसमोर सतरा नंबर खोडा आणि माझी सही घाला. तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून दरवाजाकडे बघत राहा.”

इंजिनिअर म्हणाला, “एक मिनिट, आधी आपण...”

मी एक मिनिट दिलं नाही. खरं सांगायचं तर कडेची तार कापूनही फ्लेक्स सुटला असता. डाव्या कडेलाही कापता आलं असतं. पण कटर हातात होता, समोर ते फुगलेले गाल होते आणि महिनोन्‌महिने मनात साठलेलं बरंच काही होतं. मी पातं कपाळाच्या मधोमध टेकवलं आणि नाकावरून, ओठांवरून, जोडलेल्या हातांपर्यंत एका दमात खाली ओढलं.

वारा असा सुटला की माझ्या केसांची क्लिप उडाली. फ्लेक्सचे दोन पाखे फडफडत बाहेर आले. चाचांच्या हातातल्या लोबानदाणीचा धूर आडवा झाला आणि फाटकाबाहेर पळाला. सगळे दरवाजाकडे बघत होते. तो निघाला. वीतभर अंतरावर आला, तिथे मी श्वास धरला, आणि तो तसाच पुढे गेला, मिटला. हिरवा दिवा. उघडला, मिटला. हिरवा. दहा वेळा झालं तरी कुणी पंखा बंद करा म्हणेना.

इंजिनिअर त्या चिरेशी गेला. तळहात वाऱ्यात धरला. बराच वेळ धरला. मग चाचांकडे वळून, बूट-बिट विसरून, अगदी साध्या आवाजात विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“भुयारात कधी उबा न्हाई राह्यलो, साहेब,” चाचा म्हणाले. “पन कांद्यापाशी लई राह्यलोय.”

मान हलवणाऱ्या दोघांनी मान हलवली. इंजिनिअरने माझ्या टेबलावरची वही ओढली आणि तिन्ही नापास नोंदींसमोरचा सतरा स्वतः खोडला. माझी सही मात्र घातली नाही. तिथे लिहिलं, ‘हवेची वाट झाकलेली’. चाचांनी लोबानदाणी खाली ठेवली, टेबलाशी आले आणि कुणालाही न विचारता आपला पंच उचलून खिशात टाकला. मोठ्या साहेबांनी ते पाहिलं. ते थांबवतील असं मला एक क्षण वाटलं. त्यांनी थांबवलं नाही. ते आपल्याच दुभंगलेल्या चेहऱ्यासमोर उभे होते, दोन्ही गाल वेगवेगळ्या दिशांना फडकत होते, आणि काहीतरी गंभीर, प्रमुखाला शोभेलसं बोलायची वेळ आली आहे हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी घसा साफ केला. पाहुण्यांकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कटरकडे पाहिलं. आणि पाहुणे तिथेच उभे आहेत हे साफ विसरून ते ओरडले:

“अहो बाई, कापायचंच होतं तर पाहुण्यांच्या फोटोतून कापायचं ना!”